तुमच्याकडे पडून आहे

माझ्या वहिनीला ऑफिसात सगळे 'पडूनताई' म्हणतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, कोण म्हणतो त्याचं नाव सांग, उद्या गाडी घेऊन येते आणि त्याच्या पायावरूनच नेते. वहिनी शर्टाला बटण लावत बसली होती. दाताने दोरा तोडत म्हणाली, "अगं, दिवसभर मी तेच तर म्हणते. म्हणू देत की."

दिवसभर ती काय म्हणते, तर "साहेब, तुमच्याकडे पडून आहे." मग दुसरा फोन लावते. "मॅडम, तुमच्याकडे पडून आहे." आवाज चढवत नाही, रागावत नाही. समोरच्याला वाटतं, सुटलो एकदाचा या बाईच्या तावडीतून. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात कोणाची तरी कॉलर धरली असती.

ती कंपनी लिफ्ट बनवते. लिफ्ट म्हटली की तिच्यामागे ढीगभर कागद आलेच: बसवायची कशी, तेल कुठे घालायचं, दार अडकलं तर आधी काय बंद करायचं, आत चिकटवायच्या सूचनेत काय लिहायचं. हे सगळं आता कॉम्प्युटरवर असतं आणि त्यातल्या प्रत्येकाची एक अवस्था असते. लिहायला घेतलं की तो मसुदा. लिहून जाणकाराकडे पाठवला की तपासणीत. जाणकाराने मान डोलावली की मंजूर. दुरुस्तीवाल्यांच्या फोनवर दिसायला लागला की प्रसिद्ध. आणि त्याच्या जागी नवा आला की जुना निवृत्त. कोणता कागद आज कुठल्या अवस्थेत आहे आणि तिथे किती दिवस लोळतोय, हे बघायचं काम माझ्या वहिनीचं.

तिचे दोन नियम ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत. एक, तपासणीत गेलेल्याला कुलूप. ज्याने लिहिलं त्यालाही मग त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. त्याने आपलं गप्प वाट बघायची. दुसरा, आपण लिहिलेलं आपणच मंजूर करायचं नाही. भले तुम्ही कंपनीचे मालक का असेनात.

मी एकदा म्हटलं, "एवढं सोवळं कशाला गं? कागदच ना?"

"एक माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतो," ती म्हणाली, "वर अख्खी लिफ्ट लटकत असते. त्याच्या फोनवर मागच्या वर्षीचं पान उघडलं तर?"

मी माझे शब्द मागे घेतले. असं माझं फार वेळा होत नाही.

मी गाडी शिकवते. माझी स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे, एका गाडीची. शिकणारा स्टिअरिंगवर आणि मी त्याच्या शेजारी, माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण समोरून ट्रक येत असताना "कृपया डावीकडे घेता का" असं कोण म्हणत बसणार? वहिनी आणि मी, दोघी एकाच घरात राहतो. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, बरीच वर्षं झाली जाऊन. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही माहेरी जाईल, तू तुझं बघ. आम्ही दोघींनी ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात बैठकीच्या खोलीला नवा रंग दिला. तिची मुलगी, माझी भाची, आमच्या दोघींच्या मध्ये वाढली आणि आता शिकायला दुसऱ्या शहरात आहे.

ऑफिसची भाषा वहिनीबरोबर घरी आलीच. जेवायला काय आहे विचारलं की "अजून मसुद्यात आहे." भोकं पडलेले मोजे निवृत्त. एकदा माझं आवडतं जाकीट तिने मला न विचारता निवृत्त केलं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. भाची लहान असताना प्रगतिपुस्तक तिच्यासमोर टाकून पळायची आणि दारातून ओरडायची, "आई, तपासणीत आहे! आता ओरडायचं नाही!"

आता लिफ्टवाल्यांचं सांगते. तसे त्या ऑफिसात सगळेच लिफ्टवाले, पण आमच्या घरात लिफ्टवाले म्हणजे एकच. हा माणूस अर्धं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याला वर खुर्चीत बसवलं आणि सुरक्षेचे कागद तपासायला दिले. एकटा जीव. लग्न करायचं राहून गेलं, असं स्वतःच सांगतो, जसं काही बाजारातून काहीतरी आणायचं राहून गेलं.

बाकी तपासणाऱ्यांकडे कागद महिना-महिना पडून असतात. यांच्याकडे सकाळी गेलेला संध्याकाळी परत, खाली शेरा लिहून. आणि शेरे असे की वहिनी ते घरी येऊन वाचल्यासारखे म्हणून दाखवायची. एका चित्रात दुरुस्तीवाला चपला घालून खड्ड्यात उतरताना दाखवला होता. यांनी शेरा दिला, "या माणसाचे बूट काढा." चित्रकाराने इमानेइतबारे त्याच्या चपला पुसल्या आणि त्याला अनवाणी केलं. त्यावर यांचा दुसरा शेरा, "आता हा झोपायला चाललाय का? बूट काढा म्हणजे पेन्सिलीने काढा!"

पण खरी गंमत निवृत्तीच्या समारंभाची. ऑफिसात नवे साहेब आले होते, उत्साहाचा नुसता धबधबा. वहिनीचा महिन्याचा अहवाल त्यांच्या टेबलावर गेला. त्यात होतं, "या महिन्यात निवृत्त: बारा." साहेबांना वाटलं, माणसंच. एका महिन्यात बारा माणसं चालली आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी ताबडतोब बारा पुष्पगुच्छ मागवले, भला मोठा केक मागवला, मोठ्या खोलीत खुर्च्या मांडायला लावल्या. सगळे जमले. साहेब म्हणाले, "आज निरोप घेणाऱ्यांनी कृपया पुढे यावं." कोण येणार पुढे, कपाळ! वहिनीच्या लक्षात आलं आणि तिला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

तेवढ्यात लिफ्टवाले उठले. आपल्या कपाटातून जुन्या दार-मोटरीची एक छापील पुस्तिका घेऊन आले, ती पहिल्या खुर्चीवर नीट टेकवून बसवली, तिच्यापुढे गुच्छ ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने भाषण सुरू केलं. "यांनी आपल्यासाठी अख्खं आयुष्य वेचलं. पावसापाण्यात, तेलातुपात यांनी कधी तक्रार केली नाही. यांच्या अकराव्या पानावर एक चूक होती. मी सगळ्यांच्या आधी ओळखली, वर कळवली, आणि ती दुरुस्त झाल्यावर कधीही चारचौघांत काढली नाही. सहकारी होते शेवटी." साहेबांना आधी घाम फुटला, मग तेही हसायला लागले. अख्ख्या ऑफिसने केक खाल्ला.

त्या संध्याकाळी वहिनी एक गुच्छ हातात घेऊन दारात उभी राहिली आणि सांगता सांगता तिला असं हसू फुटलं की तिची चप्पल काढायची राहून गेली. नाकातून सुरू होऊन खांद्यापर्यंत जाणारं तिचं हसू. दादा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला, कारण मला रडू येत होतं आणि मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

मग रोज लिफ्टवाले असे म्हणाले, लिफ्टवाले तसे म्हणाले. आणि एक दिवस ते बंदच झालं. नावच नाही. माणसाचं नाव रोज निघतं तेव्हा काही नसतं, पण निघायचं थांबतं तेव्हा कान टवकारावेत. मी टवकारले. पण वहिनी मूग गिळून बसली ती बसलीच. मग एकदा चादर झटकता झटकता, अगदी सपाट आवाजात म्हणाली, "लिफ्टवाल्यांना दुसऱ्या गावच्या शाखेत बोलावलंय. नवी मुलं शिकवायला. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय त्यांना."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. बघायचं," असं म्हणून ती आत गेली.

मला इतका राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं एका छताखाली, एकमेकींच्या डोक्याला तेल लावलं, एकीच्या तापात दुसरी जागली, आणि ही बाई मला सांगत नाही? तो माणूस सामान बांधून निघून जाईल आणि ही इथे चादरींच्या घड्या घालत बसेल. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, सरळ विचार ना तिला."

"मी का विचारू? तिला तोंड नाही?"

"तुम्ही दोघी म्हणजे ना," असं म्हणून तिने फोन ठेवला. आजकालच्या मुलांना धीर नाही.

मंगळवारी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात कोण उभं, तर लिफ्टवाले. नीट भांग पाडलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. म्हणाले, "गाडी शिकायची होती."

"या वयात?" माझ्या तोंडून गेलंच.

"राहून गेलं होतं," ते म्हणाले.

बसवलं स्टिअरिंगवर. आयुष्यभर वर-खाली करणाऱ्या माणसाला आडवं जाणं काही जमेना. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद. पहिल्या दिवशी मी इतकी ओरडले की कोपऱ्यावरच्या फळवाल्याने त्यांना धीर दिला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, जरा बरं चाललं होतं. मोठ्या चौकात लाल दिव्याला उभे राहिलो. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि समोर बघत म्हणाले, "ताई, एक बोलू?"

"आधी क्लच."

"दाबलाय. ताई, माझं एक काम... तुमच्याकडे पडून आहे."

"माझ्याकडे? तुमचं काय पडून असणार माझ्याकडे?"

"आमचं. म्हणजे तुमच्या वहिनींचं आणि माझं." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्या म्हणाल्या, नणंदेकडे तपासणीत आहे. म्हटलं मी आठवण करू का? तर म्हणाल्या, अजिबात नाही, ही आठवण करून द्यायची गोष्ट नाही. म्हणून मी गप्प होतो. गाडी शिकायची होती हेही खरं आहे. पण परवा शुक्रवार आहे."

दिवा हिरवा झाला. मागून भोंगे सुरू झाले. मी दोन्ही पाय माझ्या ब्रेकवर देऊन बसले होते.

"कधी पाठवलं तिने माझ्याकडे?" मी ओरडले.

"कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणाल्या."

आणि मग मला आठवलं. बाई गं! दोनेक महिन्यांपूर्वी, रविवारी, मी गाडीची किल्ली शोधत घरभर फिरत होते. वहिनी कपड्यांच्या ढिगापाशी बसली होती. म्हणाली, "घरात आणखी एक माणूस आलं तर तुला चालेल का गं?" मला वाटलं, मागची खोली रिकामी पडलीय, ती भाड्याने द्यायची म्हणतेय. मी सोफ्याच्या गादीखाली हात घालत म्हटलं, "बघू. तपासून सांगते." तिचीच भाषा, दुसरं काय! तिने "बरं" म्हटलं. आणि झालं, लागलं कुलूप. आता माझ्याकडून उत्तर आल्याशिवाय ती बाई त्यातला काना-मात्रा हलवणार होती थोडीच.

आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! मी शेरेही दिले होते. दोन दिवसांनी मी मागची खोली बघून आले आणि म्हटलं, "पंखा बसवावा लागेल. आणि आधी माणूस कसा आहे ते बघायला हवं. दारूबिरू पीत असेल तर नको बाई."

"नाही पीत," वहिनी म्हणाली होती.

"विचारलंस का त्याला?"

"हो," ती म्हणाली आणि तिचे गाल लाल झाले होते. मला वाटलं, गरम होतंय तिला, पंखा खरंच लागणार.

चौकात एका रिक्षावाल्याने आमच्या आईबापांचा उद्धार केला. मी खिडकीतून त्याच्या आईबापांची विचारपूस केली आणि लिफ्टवाल्यांना म्हटलं, "चला."

"कुठे?"

"तुमच्या ऑफिसात. गाडी तुम्हीच चालवायची. शिकायला आलात ना?"

पहिल्या गिअरमध्ये, चालत जाणारी माणसं आम्हाला मागे टाकत होती, अशा वेगाने आम्ही तिथे पोचलो. त्यांनी गाडी बरोब्बर फाटकाच्या मधोमध बंद पाडली. म्हटलं, बसा इथेच, स्टिअरिंग सोडू नका, आणि मी जिने चढत वर गेले.

वहिनी खिडकीशेजारच्या टेबलावर, कानाला फोन. "हो साहेब, तुमच्याकडेच पडून आहे..."

"ठेव तो फोन!" मी म्हटलं.

आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. वहिनीने फोन ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय झालं? पोरीला काही..."

"पोरीला काय धाड भरलीय! जगाला रोज फोन करतेस ना, पडून आहे, पडून आहे म्हणून? मग मला एक फोन करायला तुझी बोटं झिजली असती का? अगं, मला वाटलं तू भाडेकरू ठेवतेयस!"

"भाडेकरू?"

"पंखा लागेल म्हटलं तो भाडेकरूला! दारू पितो का विचारलं ते भाडेकरूचं!"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला, पण हसू काही पुरतं आलं नाही. डोळे भरले. तिने मला हाताला धरून खिडकीपाशी ओढलं, जरा आडोशाला. "मला वाटलं, तुला जड जातंय. म्हणून वेळ घेतेयस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला घाई करण्याचा हक्क नव्हता मला. तुझा भाऊ होता तो."

"होता. आणि तू हसतेस ते त्यालाही आवडायचं. मी नाही म्हणेन असं वाटलंच कसं तुला?"

"नाही म्हणशील असं नाही गं." ती पदराशी... नव्हे, ओळखपत्राच्या फितीशी चाळा करत होती. "पण मी यांच्याशी लग्न केलं, तर मग मी तुझी कोण? वहिनी म्हणजे भावाची बायको. ते नातंच सुटलं, तर तू मला काय म्हणून हाक मारणार? मी या एकाच गोष्टीला घाबरले. माणूस मिळेल आणि तू जाशील."

  मी खिडकीबाहेर बघितलं. खाली फाटकात आमची गाडी तशीच आडवी. तिच्यामागे मालाचा ट्रक भोंगा वाजवत उभा. आणि लिफ्टवाले, मी सांगितलं होतं म्हणून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेले, घामाने निथळत.

मी खिडकी उघडली आणि माझा शिकवतानाचा आवाज लावला.

"दाजी! ओ दाजी! गाडी बाजूला घ्या!"

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हाक कोणाला आहे ते त्यांना कळेना.

वहिनीला कळलं. "दाजी?" ती म्हणाली.

"मग? बहिणीच्या नवऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. आम्ही दोघी तिथे अख्ख्या ऑफिसच्या देखत रडत होतो की हसत होतो, मला सांगता येणार नाही. खाली ट्रकवाला भोंग्यावरचा हात काढत नव्हता आणि तो बिचारा माणूस अजून मागे वळून बघत होता, दाजी कोण म्हणून. मग माझ्या या शांत वहिनीने, जिने कधी कोणावर आवाज चढवला नाही, डोळे पुसले, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! तुम्हालाच म्हणतेय ती!"